ठाणेदाराचं घर कोणी शोधायचं?

एप्रिल-मे महिन्यांत राज्यातल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या होतात. आदेशाच्या यादीत नाव, हुद्दा, सध्याचं ठिकाण आणि बदलीचं ठिकाण एवढंच असतं. 'नागपूर शहर' हे दोन शब्द वाचून कोणी रत्नागिरीहून निघतो, कोणी सोलापूरहून, कोणी नंदुरबारहून. तो इथे येऊन राहणार कुठे, याची चौकशी आदेश काढणारं कार्यालय करत नाही, आणि इथलं कार्यालयही करत नाही. ती त्याची खासगी बाब समजली जाते. मला हे मान्य नाही. बदली होऊन येणाऱ्या प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याला, रुजू होण्याआधी, नवरा-बायको दोघांनी येऊन घर बघून जाण्यासाठी तीन-चार दिवस मिळाले पाहिजेत. ते दिवस कर्तव्यकाळ म्हणून धरले जावेत आणि तिकिटांचा व राहण्याचा खर्च सरकारनं करावा. पोलिसांवर उपकार म्हणून मी हे मागत नाही. या शहरात राहणारी बाई म्हणून, ज्या ठाण्यात मला उद्या तक्रार घेऊन जावं लागेल त्या ठाण्याच्या काळजीपोटी मागते आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २८ प्रमाणे पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर आहे असं मानलं जातं. रात्री दोन वाजता फोन आला तर त्यानं निघायचं, सणाच्या दिवशी घरी थांबायचं नाही, हे सगळं त्या एका कलमात आहे. त्याच अधिनियमातलं कलम २२-एन सांगतं की त्यानं एका जागी किती काळ राहायचं. सर्वोच्च न्यायालयानं पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी जे निर्देश दिले, त्यानंतर हे कलम आलं. सहायक पोलीस आयुक्त आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना एका जागी दोन वर्षं. उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक आणि निरीक्षक यांना एका ठाण्यात दोन वर्षं, आणि मुंबई सोडून इतर आयुक्तालयांत एकूण सहा वर्षं. म्हणजे बाहेरून नागपूर शहरात आलेला निरीक्षक सहा वर्षांपर्यंत इथे असू शकतो आणि त्या काळात त्याचं ठाणं दोन-तीनदा बदलू शकतं. आज गिट्टीखदान, दोन वर्षांनी हुडकेश्वर, पुढे कळमना. हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. एवढं ठाऊक असूनही त्याच्या घराचा विचार आपण त्याच्या सामानाचा ट्रक निघेपर्यंत करत नाही.

नियमांत बदली प्रवासभत्ता आहे. त्यात अधिकाऱ्याचं आणि कुटुंबाचं भाडं मिळतं, सामान नेण्याचा खर्च मिळतो. 'पदग्रहण अवधी' नावाची तरतूदही आहे, ज्यात आवराआवर आणि प्रवास यासाठी दिवस धरलेले असतात. पण ही सगळी व्यवस्था एकाच फेरीची आहे: जुनं घर सोडा, सामान बांधा, नव्या गावी जा. नव्या गावी घर आहे, असं गृहीत धरूनच ती लिहिली गेली आहे. घर बघण्यासाठी आधी एकदा जाऊन येण्याला तिच्यात जागा नाही. शिवाय ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या नशिबी हा अवधीही पुरता येत नाही. आदेशात 'तात्काळ कार्यमुक्त करावे' असं असतं, नव्या ठिकाणचे वरिष्ठ फोनवर 'लवकर या' म्हणतात, आणि माणूस एक बॅग घेऊन निघतो. कुटुंब मागे राहतं.

माझे मिस्टर याच खात्यातून निवृत्त झाले, म्हणून हे 'मागे राहणं' मला माहीत आहे. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं, घरमालकाचा तगादा आणि दुसऱ्या गावी एका खोलीत राहून डब्याचं जेवण जेवणारा नवरा. त्याबद्दल रडगाणं गाण्यासाठी हा लेख नाही. पण कुटुंब तीन-चार महिने उशिरा आलं तर ते तीन-चार महिने तो अधिकारी कोणाच्या आधारानं राहतो, हा प्रश्न सार्वजनिक आहे आणि त्याकडे मी येणारच आहे.

त्याआधी नागपुरात घर शोधणं म्हणजे काय ते सांगते, कारण मुंबईत बसून नियम लिहिणाऱ्यांना ते दिसत नसावं.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. दुपारी अकरा ते पाच या वेळात घरं बघत फिरणं माणसाचं काम नाही. सकाळी दोन घरं, संध्याकाळी दोन घरं, एवढंच होतं. रुजू झालेल्या अधिकाऱ्याला नेमक्या याच वेळा मोकळ्या नसतात, कारण सकाळी हजेरी आणि संध्याकाळी बंदोबस्त किंवा गस्त. मग घर फोनवरच्या फोटोंवरून ठरतं.

फोटोत काय दिसत नाही? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी हे चांगल्या वस्तीचे भाग. तळमजल्यावरचे लोक झोपेत होते. आज त्या भागातला तळमजल्याचा ब्लॉक रंगरंगोटी करून किरायानं निघाला, तर नांदेडहून आलेल्या माणसाला भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं हे कोण सांगणार? शेजारीण सांगते, पण त्यासाठी तिच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं. दक्षिणेकडे बेसा, बेलतरोडीच्या बाजूला नव्या इमारती भरपूर आहेत आणि किराया धरमपेठेच्या मानानं पुष्कळ कमी. पण तिथलं प्रत्येक घर महापालिकेच्या हद्दीत नाही. एप्रिल ते जून पाणी नळाला येतं की टँकरनं, हे इमारतीगणिक विचारावं लागतं. हिंगणा रोडला घर घेतलं आणि नेमणूक पारडीला मिळाली, तर रोज अख्खं शहर ओलांडायचं. मेट्रो दिवसा उपयोगी आहे, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही मार्गिका पश्चिम-पूर्व जोडतेच. पण रात्री दीडला खुनाचा फोन आल्यावर मेट्रो नसते.

शाळेचं गणित याहून अवघड. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की भरपूर वेळ आहे. पण सीबीएसईच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेलं असतं आणि चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या खासगी शाळांचे प्रवेश हिवाळ्यातच उरकलेले असतात. शाळा कुठे मिळते त्यावर घर ठरतं, घर कुठे मिळतं त्यावर शाळा ठरते, आणि दोन्ही एकाच खेपेत पाहिल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. नवरा एकटा येऊन घर घेतो आणि नंतर कळतं की बसचा मार्ग तिकडून जात नाही. मग वर्षाच्या मध्यात पुन्हा घर बदला.

आता मुख्य गोष्ट. पोलिसाला घर मिळत नाही. हे ऐकून खात्याबाहेरच्या लोकांना आश्चर्य वाटतं. त्यांना वाटतं, पोलिसाला कोण नाही म्हणणार? पण मध्यमवर्गीय वस्तीत 'टू-लेट'ची पाटी पाहून फोन करा आणि नोकरी सांगा. पोलीस आणि वकील यांना घर द्यायचं नाही, असं ठरवून बसलेले मालक प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांचं म्हणणं सरळ असतं: उद्या यांनी घर खाली केलं नाही तर आम्ही तक्रार कोणाकडे करायची? निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, खालच्या मजल्यावर स्वतः राहून वरचा मजला किरायानं देणारे, हे ते मालक. व्यवहारात चोख, अनामत वेळेवर परत करणारे, पण पोलिसाला घाबरणारे. त्यांना मी दोष देत नाही. त्यांची भीती घालवायला दोनदा भेटावं लागतं. बायको सोबत असावी लागते, चहा घ्यावा लागतो, आधीच्या घरमालकाला फोन लावून द्यावा लागतो. तेव्हा कुठे ते 'बघतो' म्हणतात.

आणि पोलिसाला घर द्यायला कोण उत्सुक असतं? ज्याला ठाण्यात ओळख हवी असते तो. ज्याच्या प्लॉटचा वाद चालू आहे, ज्याचा बार आहे, ज्याचे ट्रक रेती वाहतात, ज्याच्या लेआउटवर दोन जणांनी फसवणुकीची तक्रार दिली आहे. त्याच्याकडे फ्लॅट तयार असतो, गाद्या टाकलेल्या असतात, एसी लावलेला असतो. विदर्भात ज्याला आम्ही ठाणेदार म्हणतो, त्या प्रभारी निरीक्षकाच्या नेमणुकीची बातमी त्याच्या आधी गावात पोचलेली असते. ठाण्यातला एखादा जुना कर्मचारी, बहुतेक वेळा अगदी चांगल्या भावनेनं, सांगतो, 'साहेब, घराची काळजी करू नका, व्यवस्था झाली आहे.' थकलेला, उन्हातून आलेला, सात दिवस विश्रामगृहात काढलेला माणूस त्या वाक्याला किती वेळ नाही म्हणेल?

आमच्या एका बदलीत असंच झालं होतं. आम्ही पोचायच्या आधी एका सद्गृहस्थाची किल्ली ठाण्यात येऊन बसली होती. किराया विचारला तर 'बघू नंतर, साहेब आधी राहायला तर येऊ द्या' असं उत्तर. मिस्टरांनी किल्ली परत पाठवली आणि ते मुख्यालयाच्या एका खोलीत राहिले. मी मुलांना घेऊन शाळेचं सत्र संपल्यावर गेले. त्यांना ते जमलं, याचा मला अभिमान आहे. पण एका माणसाच्या ताठ कण्यावर सगळ्या शहराची कायदा-सुव्यवस्था सोपवून आपण स्वस्थ बसायचं का? नियम करायचे ते सामान्य माणूस सहज सरळ राहू शकेल असे करावेत. सरळ राहण्यासाठी त्याला बायको-मुलांपासून अर्धं वर्ष दूर राहावं लागत असेल, तर तो नियम वाईट आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तूची व्याख्या आहे आणि तिच्यात फुकट राहण्याची सोयही येते. म्हणजे सरकारला हा धोका माहीत आहे. नियमानं बंदी घातली, पण त्या बंदीचं पालन करायला लागणारा वेळ मात्र दिला नाही. फुकट घर घेऊ नकोस असं सांगायचं, आणि त्याच श्वासात उद्या सकाळी हजर हो असंही सांगायचं. फुकट नाही तर कमी किरायानं, कमी नाही तर अनामत न घेता, असे मधले मार्ग मग निघतातच. पुढे दीड वर्षानं त्या मालकाविरुद्ध कोणी तक्रार घेऊन आलं, तर लिहून घेणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो. तेवढा क्षण तक्रारदाराला पुरेसा असतो. तो उठून निघून जातो.

मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. घर शोधण्याचे तीन-चार दिवस अधिकाऱ्याला त्या भित्र्या, चोख, निवृत्त मास्तरांच्या दारापर्यंत पोचवतात. ते दिवस नसतील तर किल्ली घेऊन उभा असलेला माणूसच त्याच्यापर्यंत आधी पोचतो.

सरकारी निवासस्थानं आहेत ना, असं कोणी म्हणेल. आहेत. पोलीस लाइन टाकळी, पाचपावली, अजनी, लकडगंज, या वसाहती नागपूरकरांना माहीत आहेत. पोलिसांसाठी घरं बांधणारं राज्याचं महामंडळ १९७४ पासून आहे आणि गेल्या काही वर्षांत नव्या इमारती उभ्या राहिल्या हे चांगलंच झालं. पण प्रतीक्षा यादी आहे, आणि ती का हलत नाही हे नीट बघायला हवं. नागपूरहून पुण्याला बदली झालेला अधिकारी इथलं क्वार्टर लगेच सोडत नाही. पुण्यात त्याला घर मिळालेलं नसतं, मुलगी दहावीत असते. ठरावीक मुदतीनंतर दंडाचं भाडं लागतं, ते भरूनही लोक राहतात. त्यामुळे नागपूरला आलेला अधिकारी बाहेर भटकतो, आणि तो अमरावतीचं क्वार्टर सोडत नाही. अमरावतीला गेलेला आणखी कुठलं तरी अडवून ठेवतो. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी वाट बंद करून बसलेला, आणि यात कोणी लबाड नाही. दंड वाढवून ही साखळी सुटणार नाही. नव्या गावचं घर आधी नक्की झालं तर जुनं घर वेळेवर मोकळं होईल. घर बघण्याच्या फेरीवर होणारा खर्च अडकलेल्या क्वार्टरांतून भरून निघेल, असं मला वाटतं.

यात गडचिरोलीहून येणाऱ्यांचा वेगळा विचार करावा लागेल. तिथल्या पोलीस मदत केंद्रांवर कोवळ्या वयाचे उपनिरीक्षक असतात. ज्यांनी नागपुरात घर ठेवून कुटुंब इथेच राखलं, त्यांची सोय असते. पण कोल्हापूर-साताऱ्याकडची मुलं थेट भरतीनंतर तिकडे जातात, तिथेच लग्न ठरतं, आणि बदली नागपूरला होते तेव्हा शहर त्यांनी येता-जाता बसस्थानकापुरतं पाहिलेलं असतं. धानोरा किंवा भामरागडच्या जंगलातून ब्रोकरला फोन लावून घर ठरवा, असं त्यांना सांगायचं? या मुलांना तर चार दिवस कमी पडतील.

दुसऱ्या देशांत हे कसं करतात ते पाहिलं तर नवल वाटतं, कारण तिथे हा विषय कधीच निकालात निघाला आहे. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या प्रवास नियमावलीत घर बघण्याच्या फेरीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. कर्मचारी आणि त्याचा जोडीदार यांना एक फेरी, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि मंजुरी द्यायची की नाही हे कार्यालयानं ठरवायचं. संघराज्याचे पोलिसी काम करणारे कर्मचारीही याच नियमावलीखाली येतात. कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलात, रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांत, बदली झालेल्या शिपायालाही अशी फेरी मिळते. तिथली परिस्थिती आपल्यासारखी नाही हे मला कळतं. तिथले लोक बदलीच्या गावी घर विकत घेतात, आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार होतो. विकत घ्यायचं असेल तर जास्त दिवस लागणारच. म्हणून मी दहा दिवस मागत नाही. पण त्यांनी मान्य केलेलं तत्त्व आपल्यालाही लागू पडतं: बदली सरकारच्या सोयीसाठी झाली असेल, तर नव्या जागी बसण्याचा खर्च सरकारचा.

पैशांबद्दल. दोन माणसांचं थर्ड एसीचं जाणं-येणं आणि चार रात्रींची साधी खोली. मुंबईहून नागपूर आठशे किलोमीटरहून लांब आहे, तरी हा खर्च काही हजारांच्या पुढे जात नाही. एका फसलेल्या घरामुळे वर्षाच्या आत पुन्हा होणाऱ्या सामानाच्या हलवाहलवीपेक्षा तो कमीच. शिवाय नागपुरात राहण्याच्या जागेची अडचण असूच नये. या शहरात दर डिसेंबरला विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. विदर्भानं महाराष्ट्रात सामील व्हावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर कराराची ती देणगी आहे. त्या दोन आठवड्यांसाठी मंत्र्यांना रविभवन आणि नागभवन, आमदारांना आमदार निवास आणि मुंबईहून येणाऱ्या कर्मचाऱ्यांना सिव्हिल लाइन्समधले १६० खोल्यांचे गाळे. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत आमदार निवासात विलगीकरण केंद्र केलं होतं. गरज पटली की या खोल्या दुसऱ्या कामाला देता येतात, हे तेव्हा दिसलं. त्याच अधिवेशनाच्या बंदोबस्ताला राज्यभरातून आलेले शिपाई मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या वर्गांत सतरंज्यांवर झोपतात, हेही नागपूरकर दरवर्षी पाहतात. मे महिन्यात यातल्या दहा खोल्या बदलीवर येणाऱ्या पोलीस कुटुंबांसाठी राखून ठेवणं ही अवघड मागणी नाही.

गैरवापर होईल, असा आक्षेप येणार. लोक घर बघण्याच्या नावाखाली दीक्षाभूमी आणि रामटेक बघून जातील. थोडे जातील. त्यावर इलाज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार घराचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्या नोंदणीची प्रत खर्चाच्या दाव्यासोबत जोडायला सांगा. त्यात मालकाचं नाव येईल, किराया येईल, अनामत येईल. ज्या खात्याचं ठाणं घरमालकांना भाडेकरूची माहिती द्यायला लावतं, त्या खात्याकडे स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या घरमालकांची माहिती आपोआप जमा होईल. नवा अधिकारी कोणाच्या घरात राहतो हे वरिष्ठांना पहिल्या आठवड्यात समजेल. आज ते त्यांना बहुतेक वेळा चौकशी लागल्यावर समजतं. माझ्या मते या एका कारणासाठीसुद्धा ही योजना करण्यासारखी आहे.

'मग शिक्षकांना का नको, तलाठ्यांना का नको' हा प्रश्न प्रामाणिक आहे. ज्यांची बदली राज्यभर होते अशा सगळ्यांनाच मिळावं, माझी हरकत नाही. पण सुरुवात कुठून करायची असेल तर पोलिसांपासून करा. त्यांचा घरमालक हाच उद्या त्यांच्यासमोर फिर्यादी किंवा आरोपी म्हणून उभा राहू शकतो. शिक्षकाच्या बाबतीत असं होत नाही.

आणि महिला अधिकाऱ्यांचं काय, हे वेगळं सांगायला हवं. २०२१ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग ज्या मोजक्या ठिकाणी आधी झाला, त्यांत नागपूर शहर होतं. म्हणजे हे आयुक्तालय राज्याच्या आधी पाऊल टाकू शकतं. एकटी राहणारी तरुण महिला उपनिरीक्षक घर शोधते तेव्हा मालकाच्या दोन भीती एकत्र येतात: पोलीस आहे, आणि एकटी बाई आहे, रात्री-बेरात्री येणार. तिला वसतिगृहासारखी खोली पुढे करून मोकळं होऊ नये. तिनं आईला किंवा बहिणीला सोबत आणलं, तर जोडीदाराच्या तिकिटाऐवजी त्यांचं तिकीट मान्य करावं.

शासन निर्णय निघायला वेळ लागेल. तोवर नागपूर आयुक्तालयाला स्वतःच्या अधिकारात बरंच करता येईल. आयुक्तालयात एक कर्मचारी मार्च ते जून या कामासाठी नेमावा. त्याच्याकडे शहरातल्या पाचही परिमंडळांतली, ज्यांच्यावर काही प्रकरण चालू नाही अशा मालकांची यादी असावी. मालकाला दाखवायला एक पत्र असावं की हा अधिकारी अमुक मुदतीसाठी इथे आहे आणि घर सोडताना काही वाद झाला तर तक्रार थेट उपायुक्तांकडे करता येईल. त्या निवृत्त मास्तरांची 'तक्रार कोणाकडे करायची' ही भीती या एका पत्रानं अर्धी कमी होईल. आणि नागपूरला येणाऱ्यांची नावं कळली की जुन्या जिल्ह्याला चार दिवस आधी सोडण्याची विनंती इथून जावी. 'तात्काळ' हा शब्द दंगल असेल तेव्हा वापरावा. सर्वसाधारण बदलीत कोणाला एवढी घाई नसते, जुना ठाणेदार आणखी चार दिवस बसला तर ठाणं चालतं.

पैसे कमी पडले तर काय कापायचं, हेही सांगते. दिवस चाराचे तीन करा. थर्ड एसीचं स्लीपर करा. पण जोडीदाराचं तिकीट कापू नका, आणि वित्त विभागाचा हात सगळ्यांत आधी तिथेच जाईल म्हणून हे लिहिते आहे. अधिकारी घर पाहतो तेव्हा गाडी कुठे लावता येईल आणि ठाणं किती लांब आहे एवढं बघतो. पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण आहे, मालक किराया का कमी सांगतो आहे, हे त्याची बायको विचारते, कारण पुढची दोन वर्षं त्या घरात दिवसभर ती राहणार असते. किराया इतका कमी का, हा प्रश्न आमच्या घरी मी मिस्टरांच्या आधी विचारायचे. दोन घरं आम्ही त्या एका प्रश्नामुळे सोडली.